फाटकावरची सही

"ये दस्तखत आपके ही हैं, अम्मा?"

कामगार कार्यालयाच्या खिडकीपलीकडून शैलेंद्रबाबूंनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. विमलनं वाकून पाहिलं. निळ्या शाईतली तीन अक्षरं. जरा डावीकडे कललेली, डोईवर घागर घेऊन एकीमागे एक निघालेल्या तीन बायांसारखी.

"हां बाबू, हमारेच हैं. अंगूठा तो बस शुरू के कुछ दिन लगाया," ती म्हणाली. "रोज के हैं. देख लो."

तिला एवढंच लिहिता येत होतं. वाचता तर काहीच येत नव्हतं. सही शिकवली होती मधुरानं, मंजूषाताईंच्या लेकीनं. तेव्हा ती तिसरीत होती. विमल कणीक मळायची आणि मधुरा परातीच्या कडेला सांडलेल्या पिठात बोटानं अक्षरं काढायची. "हं मावशी, आता तू." त्या पिठात विमलला आपलं नाव पहिल्यांदा दिसलं होतं.

आता तिचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीत गळ्याशी बांधलेला होता. दिवाळीआधी मंजूषाताईंच्या खिडक्यांच्या काचा पुसताना ती स्टुलावरून पडली. मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. मूठ मिटेना. आणि विमलपाशी मुठीखेरीज होतं काय? चादरी पिळायची ती मूठ, कढई घासायची ती मूठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर हात चालेल, पण आता आणखी उशीर नको. सोमवारची तारीख दिली. कामगार कार्ड असेल तर फुकट. आणि कार्डासाठी पुरावा हवा, की ही बाई कुणाच्या तरी घरी कामाला होती.

ती आधी मंजूषाताईंकडेच गेली. दोन ओळी लिहून द्या म्हणाली.

"काहीतरीच काय विमल! तू काय कामवाली आहेस का गं? घरचीच ना तू?" मंजूषाताईंनी तिला शेजारी सोफ्यावर बसवलं, आपल्याच कपबशीतून चहा दिला. डोळ्यांत पाणीही आणलं. "आणि ह्यांचं ठाऊक आहे ना तुला, सहीचं नाव काढलं की कसे चिडतात. उगाच भानगड नको. बस, गरम पोळी खाऊन जा."

आत कुणीतरी भांडी घासत होतं. विमलनं आवाजावरूनच ओळखलं, नवी बाई कढईचा तळ सोडते.

पोळी तिनं खाल्ली. नाही म्हणायची सवय नव्हती.

परत येताना कॉलनीच्या फाटकाशी तिला रजिस्टरातल्या आपल्या सह्या आठवल्या. इथं कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पिवळा पास असे. फोटो, पोलीस चौकीचा शिक्का, खाली मालकिणीची सही. विमलला पास कधी लागलाच नाही. पहिल्याच दिवशी मंजूषाताई स्वतः फाटकापर्यंत आल्या होत्या. या हिंदी मुलखात पांढुर्ण्याकडची आपल्या भाषेची बाई मिळाली म्हणून केवढ्या खुशीत होत्या! पहारेकऱ्याच्या, श्यामच्या कानाशी हसून काहीतरी बोलल्या. तेव्हापासून श्याम पास मागत नसे. रजिस्टरात ओळ भरून तिच्यापुढे सरकवायचा. ती आधी काही दिवस अंगठा उठवायची, मग सही करायला लागली, आणि आत जायची.

बाजूच्या बंगल्यातली पूजा चिडवायची. "तू बाई मेमसाबची सख्खी बहीण! आम्ही बकऱ्या, गळ्यात पाटी बांधलेल्या."

विमल हसायची. रायसेन रोडनं चालता चालता तिनं त्यावर एक ओवीसुद्धा रचली होती.

*बायांच्या गं गळी, पिवळा पिवळा पास,*
*माझ्या गं नावाचा, फाटकाला वास.*

श्यामनं जुनी रजिस्टरं सुतळीनं बांधून ठेवली होती, रद्दीत द्यायला. सहा वर्षांची सहा. "ले जा काकी, पर वापस लाना हां, रद्दी गिन के देनी है, नहीं तो मेरी नौकरी जाएगी." तिनं तो गठ्ठा डोक्यावर घेतला, डाव्या हातानं सावरला. दोन बस बदलून आली. बसमध्ये कुणी जागा दिली तरी बसली नाही. मांडीवर गठ्ठा नीट राहिला नसता.

शैलेंद्रबाबू पानं उलटत होते. माणूस चांगला होता. वरच्या ओळी मोठ्यानं वाचत होता. "आना आठ बजे, जाना एक बजे. होली को भी? कमाल है, नागा ही नहीं किया आपने."

"किया ना. बेटी की शादी में, दो दिन."

ते हसले. तीही हसली. रांगेतल्या मागच्या माणसाकडे तिनं वळून पाहिलं, त्यालाही ऐकू गेलं असावं म्हणून.

मग पानं उलटायची थांबली. शैलेंद्रबाबूंचं बोट एका रकान्यावरून खाली उतरत गेलं. दुसरं रजिस्टर त्यांनी मधूनच उघडलं. मग तिसरं. मग सहावं.

"पास नहीं बना था आपका?"

"मेरे को लगताच नहीं था, बाबू."

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अम्मा, ये किसी ने पढ़ के नहीं सुनाया कभी?"

"क्या?"

"आने का कारण." त्यांचा आवाज खाली आला. "बाकी सबके आगे लिखा है, काम. आपके आगे रोज लिखा है, मेहमान. छह साल, एक-एक दिन. और आगे दस्तखत आपके."

खिडकीतून रजिस्टरं एकेक करून परत आली. ती घ्यायला विमलनं सवयीनं उजवाच हात पट्टीतून काढून पुढे केला.