मानाची जागा

"वाइड लेन्स आहे, माणसाला कडेला उभं करू नकोस. चेहरा भोपळ्यासारखा पसरतो." नवऱ्याने मंदाताईंना शिकवलेला हा पहिला धडा. ते गेल्यावर फोटो क्लबाचे अध्यक्ष खळदकर "सांभाळतो" म्हणत बाकीच्या लेन्स घेऊन गेले, त्या परत आल्याच नाहीत. मंदाताई उरलेल्या वाइडवरच शिकत राहिल्या.

क्लबाच्या सहलीत गडावर ग्रुप फोटोच्या वेळी खळदकर हसले, "काय वहिनी, अजून तीच लेन्स? काढा आमचा फोटो!"

"मानाची जागा तुमची. टोकाला, झेंड्यापाशी," मंदाताई मऊ आवाजात म्हणाल्या. खळदकर फुगून उभे राहिले. मंदाताईंनी अगदी जवळ सरकून बटण दाबलं.

"मोठ्ठा करून क्लबात लावायचा हं," खळदकर म्हणाले, "शब्द द्या!"

"दिला."

आज संकष्टी होती, आणि उपासाच्या दिवशी दिलेला शब्द मंदाताई कधी मोडत नसत. फराळालाही न थांबता मंदाताई फोटो छापायला गड उतरू लागल्या.