साहेबांचा गुप्त नंबर

पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या जहाज कंपनीत डेगानेससाहेबांना आपल्या माणसांचं भारी कौतुक. साहेबांनी तोंड उघडायच्या आत हवी ती फाईल पुढ्यात यायची. आणि घरी बायको रुसली, की सेक्रेटरी मिस मर्ल सकाळी चणे भरलेल्या गरम पुऱ्यांच्या डबल्सबरोबर न सांगता फुलांचा गुच्छही आणून ठेवायच्या.

एकदा फोन कंपनीचा माणूस येऊन सगळ्यांना बजावून गेला, "व्हॉइसमेलचा गुप्त नंबर म्हणून आपल्या टेबलावरच्या फोनचाच नंबर ठेवू नका. कोणीही तुमचे निरोप ऐकेल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. नंबर बदलला तो एकट्या साहेबांनी.

त्या आठवड्यात एकही फाईल वेळेवर आली नाही. शुक्रवारी तर बार्बाडोसचे मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले, तेव्हा अख्खं ऑफिस कार्निव्हलच्या गाण्यावर ठेका धरून होतं.

ते गेल्यावर डेगानेससाहेब कडाडले, "मिस मर्ल, ते येणार हे तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कसं कळणार?" मिस मर्लही उसळल्या. "नंबर तुम्ही बदलायचा आणि बोलणी आम्ही खायची!"

संध्याकाळी साहेबांनी केबिनचं दार लावलं, जुना नंबर परत घातला आणि स्वतःच्याच व्हॉइसमेलवर निरोप ठेवला, "डबल्समध्ये मिरची जरा कमी."

सोमवारी डबल्स अगदी बेताचे तिखट होते. शेजारी फुलांचा गुच्छ होता. साहेबांनी घाबरून फोन उचलला. बायको कशावरून रुसलीय, ते त्यांनी अजून ऐकलंच नव्हतं.