काळ्यावर पांढरी शेवंती

“केस वर बांधू की मोकळे सोडू?” आरशासमोर उभ्या टेसनं विचारलं.

तिच्या अंगात काळा ड्रेस होता. साधा, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. जनेल तो बघत राहिली. असा ड्रेस तिच्या अंगावर गोणपाटासारखा दिसला असता.

“वर बांध,” जनेल म्हणाली. टेसला मोकळे केस शोभतात हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी शाळेत होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याचा, नाच होता. टेक्सासच्या त्या गावात नाचाला जाणाऱ्या मुलीच्या छातीवर कापडी शेवंती लागते. ताटाएवढं फूल, खाली घोट्यापर्यंत फिती, फितींना घुंगरं. शेवटच्या वर्षाच्या मुलींची शेवंती पांढरी आणि रुपेरी. एका फितीवर मुलीचं नाव, दुसरीवर मुलाचं. फूल मुलाची आई करवून घेते. मुलानं तोंडानं विचारलेलं असो वा नसो, शुक्रवारी सकाळी शाळेच्या दारात त्यानं ते हातात ठेवलं की ठरलं.

अर्ध्या गावाच्या शेवंत्या जनेलची आई लॉरीन करायची. सप्टेंबर लागला की त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला जागा उरत नसे. फितींवर नावांची चमकती अक्षरं चिकटवायचं काम जनेलचं. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांचीच नावं चिकटवली होती.

आज टेस ड्रेस घेऊन आली होती. “मिसेस पावलिक म्हणाल्या, अंगात घालून दाखव, म्हणजे फिती जुळवता येतील,” असं तिनं आल्या आल्या सांगितलं. मिसेस पावलिक म्हणजे रॉइसची आई. टेस दर शनिवारी सकाळी त्यांच्या बेकरीत काउंटर सांभाळायची, म्हणून रॉइस तिलाच नेणार असं शाळेत सगळे धरून चालले होते. जनेलही. शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं ती रॉइसच्या शेजारी बसून बासरी वाजवत होती. तिनं जे मनात ठेवलं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासू होण्याआधीच कौतुकं सुरू झाली, असं तिच्या मनात आलं.

“तू काय घालणार आहेस?” टेसनं विचारलं.

“अजून ठरवलं नाही.”

“तुला विचारलं का कुणी?”

“रांग लागलीय दारात. तुला येताना दिसली नाही?”

टेस हसली नाही. जनेलला ते जास्तच झोंबलं. तिनं आईचा खोट्या मोत्यांचा तिपेडी सर टेसच्या गळ्यात घातला. कमरेला रुंद रुपेरी पट्टा बांधला. वर जाळीचे हातमोजे दिले, खांद्यावर चंदेरी ओढणी टाकली. काळ्या ड्रेसला एक फूल पुरतं, हे तिला आईच्या हाताखाली राहून पाठ झालं होतं.

“जास्त होत नाहीये ना?”

“छे गं. काळ्यावर सगळं खपतं.”

टेसनं आरशात बघितलं आणि मान डोलावली. जत्रेतल्या दुकानासारखी दिसत होती ती. जनेलला दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात टेबलाशी फुलं चिकटवत बसलेली आई ग्लू गन ठेवून उठली. तिनं ओढणी काढली, हातमोजे काढले, पट्टा सोडला, सर उतरवला. केसांची पिन उपसली. मग पांढरी शेवंती टेसच्या छातीशी धरली.

“बघ आता, बाळ.”

टेस नुसती उभी होती आणि बघवत नव्हतं इतकी सुंदर दिसत होती. आपल्या आईनं हिला बाळ म्हणावं, हे जनेलला सगळ्यात जास्त लागलं. ती टेबलाशी गेली. एका फितीवर तिनं टेसचं नाव चिकटवलं. दुसरी फीत ओढली आणि रॉइसचं पहिलं अक्षर उचललं.

“थांब,” टेस म्हणाली. “बस्टर लाव.”

“बस्टर कोण?”

“आमचा कुत्रा.”

टेसनं फितीकडे बघत सांगितलं, “मिसेस पावलिकनी माझ्यासाठी काहीच मागवलेलं नाही, मिस लॉरीन. मी खोटं बोलले. हे फूल माझं मीच घेतेय. शेवटचं वर्ष आहे, बिनफुलाची कशी जाऊ?”

“बस्टर तर बस्टर,” आई म्हणाली. “बऱ्याच पोरांपेक्षा इमानी असेल.” तिनं स्वतःच अक्षरं चिकटवली.

कपडे बदलून, शेवंतीचं खोकं काखेत घेऊन टेस दारापर्यंत गेली आणि वळली.

“जनेल, शेवंती लावशील ना, तेव्हा दुसरं काही घालू नकोस. केस मोकळे ठेव. तुलाही तेच शोभेल.”

“मला कोण देतंय शेवंती?”

टेसनं खोकं दुसऱ्या काखेत घेतलं. जाळीचं दार हळूच ओढून घेऊन ती गेली.

“बघितलंस?” जनेल उसळली. “स्वतः कुत्र्याचं नाव लावून जाणार, तरी जाता जाता टोमणा मारलाच.” मग तिच्या ध्यानात आलं. आवरायला घेतलेला मोत्यांचा सर तिच्या हातातच राहिला. “पण मग रॉइस कुणाला नेतोय?”

आई टेबलावरचे फितींचे तुकडे गोळा करत होती.

“त्याच्या आईनं मागवलेली शेवंती मी मागच्याच आठवड्यात केली,” ती म्हणाली. “बेकरीत नेऊन दिली तेव्हा खोकं टेसनंच हातात घेतलं, आणि नावं वाचली. तेवढ्या एका फुलाची अक्षरं मी तुला लावू दिली नव्हती.”