माईकवरची मागणी

बायको गेल्याचा निरोप आला त्या दिवशी धावत येताना आमची लेक आफ्रिये पडली, मांडीचं हाड मोडलं. इथं घानात, कुमासीतला एकही सर्जन तिचं सरकारी विम्याचं कार्ड घेईना. आठवड्यानं, दफनाआधीची शोकसभा भरली. रीतीप्रमाणे देणग्या माईकवर पुकारल्या जात होत्या. मी माईक हिसकावला, कार्ड उंच धरलं. "देणगी नको. हे कार्ड घेणारा हाडांचा सर्जन द्या!" मेहुणी ओरडली, "दाजी, ताईच्या शोकसभेत डॉक्टर शोधता? लाज वाटत नाही?" मी म्हणालो, "सगळं गाव इथं बसलंय, शोधू कुठं?" मागून ओबुआसीहून आलेला एक पाहुणा उठला. "काका, मी सर्जन. मी घेतो हे कार्ड. उद्याच आणा तिला." पुकारणारा गरजला, "देणगी, एक पाय!" मांडव टाळ्यांनी दणाणला. शस्त्रक्रिया झाली. आईच्या शवपेटीमागं लेक स्वतःच्या पायांनी चालणार. तोवर बायकोचा देह शवागारात ठेवलाय, पुरायचं राहिलंय.