उजवी बाजू राहिली

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि सलूनसमोरचा रस्ता जागच्या जागी थिजला होता. कारागीर दारात उभा राहून गाड्या बघत होता. रस्ता रुंद झाला त्या वर्षी फूटपाथ गेला, मधोमध लोखंडी कठडा आला आणि दारासमोर ‘थांबू नये’ अशी पाटी लागली. तेव्हापासून त्याची गिऱ्हाइकं रोज दारावरून जात होती. उतरत कुणी नव्हतं.

एक राखाडी गाडी पायरीला लागून थांबली. आत विमावाले साहेब होते. सतरा वर्षं दर महिन्याला न चुकता खुर्चीत येऊन बसणारे. गेल्या दीड वर्षात फिरकले नव्हते. कारागीर दिसताच ते ओशाळून हसले आणि त्यांनी डावीकडची काच खाली केली.

“काय काका, कसं काय?”

“मजेत. केस केवढे वाढवलेत! कानांवर आले.”

“सवड कुठे मिळते हो? रोजचे तीन तास रस्त्यातच जातात. आता दहाला एका बड्या माणसाकडे पोचायचंय, आणि हा असा अवतार. गेल्या महिन्यात असंच एक काम हातचं गेलं. मी पोचेपर्यंत माणूस वाट बघून निघून गेला.”

कारागिराने पुढे पाहिलं. एकही चाक हलत नव्हतं. तो आत गेला, कात्री, कंगवा आणि पांढरं कापड घेऊन आला आणि सरळ गाडीचं दार उघडून साहेबांशेजारी बसला.

“अहो काका, हे काय!”

“मान सरळ ठेवा.”

कात्री चालू लागली. किती दिवसांनी हात असा सुटला होता! हात सुटला की तोंडही सुटायचं त्याचं.

“वहिनी बऱ्या आहेत ना?”

“असेल बरी. मी निघतो तेव्हा ती झोपलेली असते. पोचतो तेव्हाही.”

कारागिराने कंगव्यावरचे केस झटकले. मग म्हणाला, “एवढी मोठी गाडी आणि आत एकटेच?”

“सगळेच एकटे असतात, काका. बघा की.”

त्याने बघितलं. पुढच्या गाडीत एक माणूस, मागच्या गाडीत एक, बाजूच्या गाडीतही एकच. रिकाम्या खुर्च्या मोजायची त्याला सवय होती. त्याने मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

साहेबांनी डोळे मिटले होते. “तुमचा हात अजून तसाच आहे बघा.”

“बोलू नका. कात्री कानापाशी आहे.”

डावी बाजू झाली. उजवीकडे बसल्या जागेवरून हात पोचेना. उतरून पलीकडच्या खिडकीशी जावं म्हणून त्याने दार उघडलं, तोच पुढच्या गाड्या हलल्या. मागून भोंग्यांचा गलका झाला.

“काका, उतरा, उतरा लवकर!”

केसांसकट कापड गुंडाळून तो उतरला. साहेबांचा हात खिशाकडे गेला.

“राहू द्या. काम पुरं झाल्यावर द्या. उजवी बाजू राहिलीय!”

“संध्याकाळी येतो! नक्की!”

गाडी गेली. अर्ध्या डोक्याने त्या बड्या माणसासमोर बसलेले साहेब डोळ्यांपुढे आले आणि कारागीर एकटाच खो-खो हसला. मग त्याने आरसे पुसले. मधल्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकला. मधल्या वेळेत साहेब आले तर, म्हणून दुपारी जेवायला घरीही गेला नाही.

सव्वासहाला कठड्यापलीकडची, परतीची रांग थिजली. तिच्यात राखाडी गाडी होती, अगदी दुकानासमोर. साहेबांची उजवी बाजू रस्त्याच्या या अंगाला होती. कारागिराने हात वर केला. साहेब मांडीवरच्या फोनकडे बघत होते.

उजवी बाजू कापलेली होती. कानामागून मशीन फिरवलेलं, कल्ला दोन बोटं वर गेलेला. कुणीतरी घाईत उरकलं होतं.

रांग हलली. कारागिराने हात खाली घेतला.

“डावीशी जुळत नाही,” तो म्हणाला. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.