ग्रँटांची चौकशी

“ग्रँट म्हणजे नेमके कुठले?” बाबांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

चैत्रालीने टोस्टला लोणी लावायची सुरी खाली ठेवली. लीड्सच्या हॉस्पिटलात ती चार वर्षं डॉक्टर होती आणि इयन ग्रँट तिथेच फिजिओ. दोघांनी लग्न ठरवलं होतं. बाबांनी होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. त्यासाठीच तिने त्यांना पुण्याहून बोलावून घेतलं होतं. आई गेल्यापासून तिला माणूस म्हणून ते एकटेच. ते नाही म्हणाले तर पुढे काय, याचा विचार करायचंही ती टाळत होती. आणि बाबा मुलगा सोडून त्याचं आडनाव घेऊन बसले होते.

“स्कॉटिश आहेत, बाबा. दॅट्स इट.”

“स्कॉटलंड काय एवढंसं आहे?” हरिदास पोतनीस म्हणाले, आणि कोट चढवून बसने लायब्ररीत गेले.

असे ते तीन दिवस गेले. तिथल्या बाईंना त्यांचं कोण कौतुक. त्यांनी या गृहस्थांना जाडजूड पुस्तकं काढून दिली, कॉम्प्युटरवर नकाशे दाखवले. संध्याकाळी बाबा चैत्रालीला सगळं ऐकवत. ग्रँट म्हणजे मोठा, थोराड. मूळचे बहुधा फ्रान्सकडून आलेले. मग स्कॉटलंडमधल्या स्पे नदीच्या खोऱ्यात त्यांनी बस्तान बसवलं. आता कॅनडात आहेत, न्यूझीलंडमध्ये आहेत, आणि जमेकात तर भरपूर. तिथे मळेवाल्यांची आडनावं गुलामांना चिकटली.

“म्हणजे ग्रँट दिसला की तो मुळातला ग्रँट असेलच असं नाही,” बाबा म्हणाले. चैत्रालीला ते बोलणं मुळीच आवडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते परतले ते जेवलेच नाहीत. चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजाने मॅकग्रेगर हे आडनावच बंद केलं होतं म्हणे. ते लावलं की फाशी. मग त्या लोकांनी जीव वाचवायला शेजाऱ्यापाजाऱ्यांची आडनावं घेतली. कितीतरी जण ग्रँट झाले.

“इयन त्यातला नाही कशावरून?” बाबांनी विचारलं.

चैत्रालीला काही उमगेना. हे कुठून आलं? तिच्या घरात जातीपातीचा कधी शब्द निघाला नव्हता. कुळाचार नाही, भाऊबंद नाहीत. लहानपणी कुलदैवत विचारलं तर आई म्हणे बाबांना विचार, बाबा म्हणत आईला विचार. गेल्याच आठवड्यात मराठी मंडळात एका काकूंनी “पोतनीस म्हणजे कोकणातले की देशावरचे?” म्हणून खोदून विचारलं, तेव्हा बाबा “नोकरीवाले” म्हणून ताट घेऊन पुढे सरकले होते. तिला केवढा अभिमान वाटला होता त्यांचा. आणि हाच माणूस आता दुसऱ्याचं कूळ उकरत होता. तिला लाज वाटली, रागही आला, आणि त्यांना नीट विचारायचा धीरही होईना.

त्यात ती प्लॅस्टिकची पिशवी. आल्या दिवसापासून बाबा ती कोटाच्या आतल्या खिशात बाळगून होते. तिची पत्रिकाच असणार. आता इयनची जन्मवेळ विचारायचं तेवढं राहिलं होतं.

रविवारी इयनचे वडील, डोनल्ड, स्कॉटलंडमधल्या पर्थहून ट्रेनने जेवायला आले. निवृत्त हेडमास्तर, कमी बोलणारे. त्यांनी वरणभात मागून घेतला. बाबांनी मात्र नुसताच चिवडला, आणि जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा आपल्या सावकाश इंग्रजीत विचारलंच.

“मिस्टर ग्रँट, तुम्ही खरे ग्रँट आहात का?”

इयनने चैत्रालीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. संपलं सगळं, तिला वाटलं.

“नाही,” डोनल्ड शांतपणे म्हणाले. “आम्ही मॅकग्रेगर. आजी सांगायची. कागद काही नाही.”

बाबा पुढे झुकले. “पण ती बंदी उठून दोनशे वर्षं होऊन गेली. मग नाव परत का नाही घेतलं?”

डोनल्डनी जरा विचार केला. “मुलं त्याच नावाने मोठी झाली होती. आधी भीतीपोटी सांगितलं नसेल, मग सवय झाली म्हणून. सांगायचं कोणी, हेच राहून गेलं असेल.”

“आणि तुम्हाला कळलं तेव्हा?”

“राग आला. नावाचा नव्हे. घरात इतकी वर्षं कोणी बोललं नाही, त्याचा.”

बाबांनी हात पुसले आणि आतल्या खिशातून ती पिशवी काढली.

“बाबा, पत्रिका नको. प्लीज,” चैत्राली मराठीत पुटपुटली.

त्यांनी पिशवी डोनल्डपुढे ठेवली नाही. तिच्यापुढे ठेवली.

आत पत्रिका नव्हती. सरकारी राजपत्राचं एक पिवळं पडलेलं पान होतं, तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं, एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ मारलेलं. नव्या नावाच्या रकान्यात हरिदास सटवाजी पोतनीस असं होतं. जुन्या नावाच्या रकान्यात होतं, हरिदास सटवाजी कांबळे.