संकष्टीचे डम्पलिंग
स्वतःच्या बढतीची पार्टी म्हणून धनश्रीने सासूबाईंना काही न सांगता सिल्वासातल्या चायनीज-कोरियन हॉटेलात आणलं. मेन्यूकार्ड मिटून विजयाबाई शांतपणे म्हणाल्या, “आज संकष्टी आहे गं.” हॉटेल शुद्ध शाकाहारी असल्याची धनश्रीने चारदा खात्री केली होती; कॅलेंडर बघायचं मात्र राहिलं. “चंद्र उगवला असेल, पण उपास कांदा-लसणावर कसा सोडू?” विजयाबाईंनी विचारलं. “जैन बनवून देतो ना, मासी,” वेटर म्हणाला. मग बांबूची वाफाळती टोपली आली. झाकण निघताच विजयाबाई पुढे वाकल्या. आत पांढरेशुभ्र, कळ्या पाडलेले डम्पलिंग होते. टोपली घेऊन त्या दाराबाहेर गेल्या, चंद्राला नैवेद्य दाखवला आणि परत येऊन एक तोंडात टाकला. “सारण तिखट आहे,” दुसरा उचलत त्या म्हणाल्या, “पुढच्या संकष्टीला मी उकड काढणार नाही. टेबल आजच सांगून ठेव.”